लुकलुकणाऱ्या प्रकाशाची मोजपट्टी

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानी, धनू राशीच्या दिशेने सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या चाळीस लाख पटींहून अधिक वस्तुमान असलेले सॅजिटेरियस ए-स्टार हे कृष्णविवर आहे. आपल्याला दिसतो तो त्याचा स्वतःचा नव्हे, तर त्याच्याभोवती फिरणाऱ्या तप्त वायूचा प्रकाश. वाटेतल्या धुळीमुळे दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो, त्यामुळे निरीक्षणे रेडिओ लहरी, अवरक्त किरण आणि क्ष-किरण यांतच करावी लागतात.

हा प्रकाश सतत कमीजास्त होत असतो, आणि त्यातच खरी माहिती दडलेली असते. ऑक्टोबर २००० मध्ये चंद्रा या अवकाश दुर्बिणीने येथून क्ष-किरणांचा भडका टिपला, तेव्हा त्याची तीव्रता एका टप्प्यावर अवघ्या दहा मिनिटांत झपाट्याने उतरली. प्रकाशाचा स्रोत फार मोठा असता, तर त्याच्या दूरच्या टोकाकडचा प्रकाश आपल्यापर्यंत उशिरा पोहोचला असता आणि असा झपाट्याचा बदल पुसट होऊन गेला असता. दहा मिनिटांत प्रकाश सुमारे १८ कोटी किलोमीटर जातो, म्हणजे हा भडका पृथ्वी-सूर्य अंतराहून फारशा मोठ्या नसलेल्या जागेत उठला असला पाहिजे. कोणतेही छायाचित्र हाती नसताना, केवळ घड्याळाच्या आधारे काढलेला हा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो.

मे २०१९ मध्ये हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून अवरक्त किरणांत पाहताना हे कृष्णविवर इतके तेजस्वी दिसले, की निरीक्षण करणाऱ्या तुआन डो यांना प्रथम तो शेजारचा एस०-२ हा तारा वाटला. दोन तासांत ते तेज ७५ पटींनी घटले.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२३-२४ मध्ये एकूण ४८ तास, एकाच वेळी दोन तरंगलांबींत, याच बिंदूवर नजर ठेवली. रोज पाच-सहा मोठे भडके आणि त्यांच्या अधूनमधून असंख्य लहान चमका दिसल्या. शिवाय लहान तरंगलांबीचा प्रकाश मोठ्या तरंगलांबीच्या प्रकाशापेक्षा काही सेकंद आधी बदलत होता. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन प्रकाश फेकता फेकता ऊर्जा गमावतात. ज्यांची ऊर्जा जास्त, ते लहान तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि लवकर निवतात. त्या काही सेकंदांच्या अंतरात इलेक्ट्रॉनांचे हे निवणेच आपल्याला दिसत असावे. हे भडके ठरावीक काळाने परततात की निव्वळ यादृच्छिक असतात, हे ताडण्यासाठी या संशोधकांना आता सलग २४ तासांचे निरीक्षण हवे आहे.