पोकर स्पर्धेतील स्वयंचलित ध्वनिसूचना

पोकर स्पर्धेचे घड्याळ सांभाळणाऱ्या ॲपमध्ये लेव्हल (स्पर्धेचा टप्पा) संपणे, मध्यंतर होणे, खेळाडू बाद होणे अशा प्रसंगी आपोआप वाजणारी घंटा, शिटी किंवा बोललेली घोषणा. हे ॲप पत्ते वाटत नाही, डाव खेळत नाही. वेळ आणि ब्लाइंडच्या, म्हणजे सक्तीच्या बोलीच्या, रकमा एवढाच त्याचा कारभार. सोलापूरकराला एका शब्दात सांगायचे तर टेबलावरचा भोंगा.

पोकरच्या प्रत्येक डावात डीलरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या) डावीकडचे दोघे पत्ते बघण्याआधीच सक्तीच्या चिप्स, म्हणजे बोलीच्या चकत्या, पुढे करतात. त्या म्हणजे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. स्पर्धेत ही रक्कम ठरावीक वेळाने वाढवतात आणि त्या टप्प्याला लेव्हल म्हणतात. रक्कम वाढलीच नाही तर सगळे जण चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसतील आणि उजाडले तरी स्पर्धा संपणार नाही. घरगुती स्पर्धेत लेव्हल १५-२० मिनिटांची असते. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ती २ तासांची असते.

लेव्हल संपल्याचे कोणी सांगायचे, हा खरा वादाचा मुद्दा. ज्याच्यापुढे चार चिप्स उरल्या आहेत त्याला ब्लाइंड उशिरा वाढलेली हवी असते, ज्याच्यापुढे ढीग आहे त्याला घाई असते. घड्याळाकडे बघायचे काम यातल्या कोणाकडेही दिले तरी दुसरा कुरकुर करतोच. घंटेला कोणाचीच बाजू नसते. २००१ साली स्थापन झालेल्या पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार नवी लेव्हल पुढच्या डावापासून लागू होते, आणि पत्ते पहिल्यांदा पिसले की डाव सुरू झाला असे धरतात. म्हणजे घंटेआधी पिसणे सुरू झाले असेल तर तो डाव जुन्याच ब्लाइंडने. त्यामुळे सूचनेचा आवाज आखूड आणि पहिल्या ठोक्यालाच ठसठशीत हवा. हळूहळू चढत जाणारी सनई लावली की ‘आधी पिसले की आधी वाजले’ यावर पाच मिनिटे जातात.

सूचना दोन जातींच्या. पहिली वेळेवर चालणारी: लेव्हल संपायला १ मिनिट उरले, लेव्हल संपली, मध्यंतर झाले. दुसरी आकड्यावर चालणारी: एवढे खेळाडू उरले, अंतिम टेबल जमले (उरलेले सगळे एकाच टेबलावर आले). ही दुसरी जात नावालाच स्वयंचलित, कारण बाद झालेल्याची नोंद कोणीतरी बोटाने करावी लागते. नोंद राहिली की अंतिम टेबलाची तुतारी दोन माणसे उरल्यावर वाजते.

समजा २५/५०, ५०/१००, ७५/१५० आणि १००/२०० अशा १५ मिनिटांच्या ४ लेव्हल आहेत, मग १० मिनिटे मध्यंतर आणि पुढे २००/४००. इथून पुढे २५ च्या चिप्सचे काम उरत नाही. म्हणून मध्यंतराच्या घंटेला ‘पंचविशीच्या चिप्स बदलून घ्या’ अशी वेगळी घोषणा जोडतात. एकाच आवाजावर सगळे प्रसंग टांगले की कानाला फरक कळत नाही. दोन किंवा तीन आवाज पुरे.

आवाजावर वेळ पाळण्याची सोलापूरला जुनी सवय. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या पाळ्या भोंग्यावर चालत. इशाऱ्याचा भोंगा वेगळा आणि पाळीचा वेगळा. १ मिनिट आधीची सूचना हे त्याचेच धाकटे रूप. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. शहराच्या पूर्व भागात शेजारी माग चालू असेल तर त्या खटखटीत मोबाइलवरची मंद्र घंटा ऐकूच येत नाही, कारण मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. तिथे पोलिसी शिटीसारखा उंच, तुटक आवाज चालतो. घोषणेच्या भाषेचा प्रश्न आणखी वेगळा. अँड्रॉइडमध्ये मराठी बोलणारा आवाज मिळतो, पण एकाच टेबलावर मराठी, तेलुगू आणि कन्नड चालू असताना यंत्राच्या तोंडचे ‘बिग ब्लाइंड चारशे’ कानाआड होते. घंटेला भाषा लागत नाही.

मांडणीत सर्वाधिक चुका फोनच्या सेटिंगमध्ये होतात. अँड्रॉइड ८ (२०१७) पासून सूचनांचे चॅनेल, म्हणजे प्रकारानुसार वेगळे कप्पे, असतात. एकदा चॅनेल तयार झाले की त्याचा आवाज ॲपला बदलता येत नाही, तो वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाच परवानगी लागते, आणि ती विचारणारी चौकट आपण वाचण्याआधी नाकारतो. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की स्क्रीन बंद झाल्यावर ॲप झोपते. म्हणून बॅटरीच्या यादीत त्याला सूट द्यावी, फोन चार्जरला लावावा आणि स्क्रीन जागी ठेवावी. ब्राउझरमधले घड्याळ असेल तर पानावर एकदा तरी बोट टेकवावे लागते, त्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सोडत नाही. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की आवाज टीव्हीकडे जातो, आणि टीव्ही कोणीतरी मालिकेच्या जाहिरातींत म्यूट करून ठेवलेला असतो.

ब्लूटूथ स्पीकरची खोड वेगळी. बराच वेळ शांत राहिला की काही स्पीकर झोपतात, आणि जागे होताना घंटेचा पहिला अर्धा सेकंद गिळतात. नेमका तोच अर्धा सेकंद वादात निर्णायक असतो. उपाय सोपा: आवाजाच्या फाइलीला सुरुवातीला एक सेकंद शांतता जोडायची आणि घंटा तेवढीच आधी लावायची. लाइट गेली तर वायफाय जाते, म्हणून आवाजाच्या फाइली फोनमध्येच साठवलेल्या हव्यात. घंटा वाजवणारे यंत्रही एकच असावे. दोन फोनवर तेच घड्याळ लावले की एक आधी वाजतो, एक मागून, आणि भांडण परत टेबलावर.

घड्याळाचे ॲप हा जुगार नव्हे, पण टेबलावर पैसे आले की गोष्ट बदलते. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. चिप्सना पैशांची किंमत न देता मित्रमंडळींत खेळलेली स्पर्धा यापासून दूर राहते.

मंडळी जमण्याआधी सगळ्या लेव्हल १ मिनिटाच्या करून एक फेरी वाजवून बघतात. ऐकणारा घड्याळापाशी न थांबता खोलीच्या सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसवायचा, पंखा पाचवर ठेवायचा.