मूल हवंय? सीडी-४ नव्हे, आधी व्हायरल लोड बघा

एचआयव्हीसह जगणारं जोडपं मुलाचा विचार करू लागलं की फाइलमधून आधी सीडी-४ चा रिपोर्ट बाहेर निघतो. ‘आठशे आहे, आता काय हरकत?’ किंवा उलट, ‘तीनशेच आहे, नको बाबा.’ दोन्ही वेळा चुकीचा कागद हातात असतो. जोडीदाराला किंवा बाळाला लागण होण्याचा धोका किती, हे व्हायरल लोडवरून कळतं.

सीडी-४ म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ नावाच्या पेशी किती. निरोगी प्रौढात साधारण ५०० ते १५००. व्हायरल लोड म्हणजे एका मिलिलिटर प्लाझ्मामध्ये विषाणूच्या प्रती किती. पहिला आकडा वाढलेला बरा, दुसरा घटलेला.

सीडी-४ चं एवढं प्रस्थ माजलं त्याला कारण आहे. २००४ मध्ये जे. जे. रुग्णालयात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणारे औषधोपचार, सुरू झाली तेव्हा गोळ्या कधी द्यायच्या हे प्रामुख्याने याच आकड्यावर ठरायचं. आधी मर्यादा २०० होती, पुढे ३५०, मग ५००. २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. नियम गेला, सवय राहिली.

खरी गोम वेगात आहे. गणपतीला कोकणात गेलेल्याची गोळ्यांची बाटली मुंबईतच राहिली आणि दोन-तीन आठवडे डोस चुकले, तर विषाणू तेवढ्यातच डोकं वर काढतो. सीडी-४ घसरायला त्याहून बराच वेळ लागतो. मधल्या काळात रिपोर्टवर आठशे आणि रक्तात हजारो प्रती, असं होऊ शकतं. याउलट उशिरा निदान झालेल्याचा व्हायरल लोड डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या गोळीने बहुधा सहा महिन्यांत दबतो, पण सीडी-४ वर यायला वर्षं जातात. तीनशेवर अडून बसलेल्या या माणसाकडून लागण होण्याची भीती त्या आठशेवाल्यापेक्षा कितीतरी कमी.

इथे आणखी एक फसगत होते. एआरटी सेंटर व्हायरल लोडचा आकडा १००० च्या आत आला की ‘सप्रेस्ड’, म्हणजे दबलेला, म्हणतं. उपचार लागू पडतोय का, हे बघायला ते ठीक. पण जोडीदार निगेटिव्ह असेल आणि निरोध बाजूला ठेवायचा असेल, तर २०० च्या खालचा आकडा हवा, तोही किमान सहा महिने टिकलेला, गोळी एकही दिवस न चुकता. वर्षभरापूर्वीचा रिपोर्ट धरून चालू नका. प्रयत्न सुरू करण्याआधी नवी तपासणी मागा. दोघांचीही गुप्तरोगांची तपासणी तेव्हाच उरकावी. पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता जास्त. लोड दबलेला असेल, तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून वीर्य धुऊन घेण्याच्या (शुक्राणू विषाणूपासून वेगळे करण्याच्या) किंवा टेस्ट ट्यूब बेबीच्या खर्चात पडायची गरज नसते.

मग सीडी-४ बिनकामाचा का? नाही. तो आईच्या तब्येतीबद्दल बोलतो. २०० च्या खाली असेल तर टीबीसारखे संधिसाधू आजार टपून असतात. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून थोडं थांबलेलं बरं. गरोदरपणात मात्र हा आकडा उतरला म्हणून घाबरू नका: रक्तातलं पाणी वाढल्याने मोजणी कमी येते, सीडी-४ ची टक्केवारी फारशी बदलत नाही.

लागण टाळण्यासाठी बाळाला द्यायचं औषधही आईच्या व्हायरल लोडवरच ठरतं. ३२ ते ३६ आठवड्यांत तपासणी होते. १००० च्या आत असेल तर बाळाला एक औषध, वर असेल तर दोन. नेमक्या याच महिन्यांत लोड बिघडवणारी एक साधी गोष्ट म्हणजे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. रिकाम्या पोटी डोल्युटेग्राविरसोबत घेतल्या तर त्या तिला आतड्यातच अडवतात. सगळ्या जेवणासोबत घ्या, नाहीतर डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर.