गादीवाफा

गादीवाफा : भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण वीतभर उंच उचललेला व माथा सपाट ठेवलेला मातीचा वाफा. भाजीपाला, फुलझाडे आणि रोपवाटिकेतील रोपे यांसाठी तो करतात. दिसायला अंथरलेल्या गादीसारखा, म्हणून हे नाव. सपाट वाफा, आळे आणि सरी-वरंबा या रचनांहून तो दोन बाबतींत वेगळा ठरतो. त्यात पाणी तुंबत नाही, कडेच्या चरात उतरते. आणि वाफा एकदा तयार झाला की त्यावर कोणी पाय देत नाही. येथे मुख्यतः महाराष्ट्रातील परसबागेच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती : ‘वाफा’ हा शब्द दोन वाटांनी लावता येतो. संस्कृत ‘वप्र’ म्हणजे मातीचा उंचवटा, तट, तसेच शेत. दुसरीकडे ‘वप्’ (पेरणे) या धातूपासून ‘वाप’, म्हणजे पेरणी. उंच वाफ्याच्या नोंदीत ‘वप्र’चा मोह पडणे साहजिक आहे. पण मराठीत नुसता ‘वाफा’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो सपाट, कडेने बांध घातलेला चौकोन. तेव्हा ‘वप्र’ मानायचाच तर तो त्या बांधाला लागू पडेल, मधल्या मातीला नव्हे. शिवाय दोन्ही मूळ शब्दांत ‘प’ आहे, ‘फ’ नाही. ‘प’चा ‘फ’ कसा झाला हे वेगळे सांगावे लागते. पनस–फणस, परशु–फरशी अशी महाप्राणीकरणाची (वर्णात ‘ह’काराची भर पडण्याची) उदाहरणे मराठीत आहेत, पण ती शब्दारंभीची. शब्दाच्या पोटातल्या ‘प’ला तो नियम सरसकट लावता येत नाही.

हाच पेच ‘वाफसा’ या शब्दात पुन्हा येतो. जमीन ना चिखल ना कोरडी, अशी पेरणीजोगी झाली म्हणजे वाफसा आला असे शेतकरी म्हणतात. छापील मराठीत ‘वापसा’ व ‘वाफसा’ ही दोन्ही रूपे आढळतात. पहिल्यात ‘वाप’ म्हणजे पेरणी स्पष्ट दिसते. दुसऱ्यात ‘वाफ’ (संस्कृत ‘बाष्प’) ऐकू येते. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीच्या मांडणीत बीजामृत (बियाण्याला लावायचे द्रावण), जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवण) व आच्छादन यांच्या जोडीला वाफसा हे चौथे अंग मानले आणि मातीच्या कणांमधल्या पोकळीत निम्मी हवा व निम्मी पाण्याची वाफ असणे, असा त्याचा अर्थ लावला. हा अर्थ आता बराच पसरला आहे. तथापि शब्दाचा व्यवहारातला वापर पेरणीच्या वेळेशी बांधलेला असल्याने ‘वाप’ हे मूळ अधिक संभवनीय वाटते. ‘वाफे’ची ओढ नंतर लागली असावी आणि ‘वाफा’तला महाप्राणही तिच्याच संगतीने आला असावा. येथे रूढ लेखन ‘वाफसा’ हेच ठेवले आहे. परीक्षा मात्र साधी आहे : मातीची मूठ आवळावी, गोळा व्हावा, तळहात बरबटू नये, आणि गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला तर फुटावा.

प्राचीनता : कौटिलीय अर्थशास्त्राच्या सीताध्यक्ष (शेतीवरील अधिकारी) प्रकरणात कोणते पीक कोठे घ्यावे याची यादी आहे. पाण्याचा फेस जेथे आपटतो तो नदीकाठ वेलफळांना, विहिरीचा परिसर शाकभाजी व मुळांना, आणि ‘पाली’ या सुगंधी व औषधी वनस्पती, वाळा, पिंडाळू इत्यादींना योग्य असे तेथे म्हटले आहे. पाली म्हणजे बांध, वरंबा, की पिकाच्या दोन ओळींमधला पट्टा, याविषयी अनुवादकांत एकमत नाही. वाळा व कंद ही पिके पाहता उंच मातीचा अर्थ जुळतो. पण तेवढ्यावरून आजच्या गादीवाफ्याचा उगम तेथे दाखवणे धाडसाचे होईल. ग्रंथाचा काळही इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत वेगवेगळा मानला जातो. आले, हळद, सुरण यांसाठी माती उचलून लावण्याची रीत जुनी असावी. ठरावीक लांबी-रुंदीचा सपाट माथ्याचा वाफा आणि त्याचे हे नाव मात्र कृषी खात्याच्या व कृषी विद्यापीठांच्या प्रचारसाहित्यातून, बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, घरोघरी पोचले. कोकणात भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजण्याची, म्हणजे रोपांच्या जागेवर शेण-पालापाचोळा जाळण्याची चाल होती. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करण्याची शिफारस याच प्रचारातली.

इतरत्र मेक्सिकोतील चिनाम्पा, दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवराकाठचे वारू-वारू ही उंच वाफ्यांचीच रूपे. ॲलन चॅडविक या इंग्रज बागायतदाराने १९६७ पासून कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठाच्या आवारात पॅरिसच्या भाजी पिकवणाऱ्यांची दाट लागवड आणि खोल खणलेले उंच वाफे यांचा मेळ घातला. फळ्यांच्या चौकटीत विकतची माती भरलेला जो ‘रेज्ड बेड’ आज शहरी बागकामात दिसतो, तो या परंपरेच्या जवळचा आहे. त्यालाही मराठीत गादीवाफाच म्हणतात, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

जमीन व हवामान : मराठी मुलखातला गादीवाफा मूलतः पावसाळ्याचे साधन आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते, तिच्यातली पोकळी बुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. झड लागली की सपाट वाफ्यातली मिरची-वांग्याची रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात (पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी बुरशींमुळे). उचललेली माती पाऊस उघडताच निथळते व तिला वाफसा लवकर येतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत अडचण उलटी : पाणी झिरपते, पण मातीचा थर उथळ व धुपणारा. तेथे परड्यात चिऱ्यांची कड लावून वाफा भरतात तो खोलीसाठी. सोलापूर किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत मात्र हाच वाफा चारी बाजूंनी वाळतो. अशा वेळी सपाट किंवा थोडा खोलगट वाफा बरा. बारमाही गादीवाफ्याचा आग्रह तेथे पाणी वाया घालवतो.

रचना : रोपवाटिकेसाठी सामान्यतः ३ मी. लांब, १ मी. रुंद व १५ सेंमी. उंच असे माप देतात. लांबी जागेनुसार कितीही चालते, रुंदी नाही. दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पाय पडतोच. आधी कुदळीने जमीन खणून ढेकळे फोडतात, हराळी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढतात (लव्हाळा राहिला तर पुढचे सारे कष्ट त्याच्याच कामी येतात), मग दोन्ही बाजूंच्या चरांची माती मधे ओढून, चांगले कुजलेले शेणखत दोनेक घमेली मिसळून माथा फळीने सारखा करतात. कडा उभ्या न ठेवता किंचित उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे पावसाच्या पहिल्याच सरीत ढासळत नाहीत. बी रुंदीला समांतर, बोटभर अंतराहून जरा मोकळ्या ओळींत टाकून चाळलेल्या खताने झाकतात आणि रुजेपर्यंत झारीनेच पाणी देतात. धने पेरण्यापूर्वी रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करतात. आख्खे धने उगवायला रेंगाळतात.

गच्चीवर हिशेब बदलतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, म्हणजे २० सेंमी. थराचा भार चौरस मीटरला ३०० किग्रॅ.च्या पुढे जातो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसे, सामान इत्यादींचा) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किग्रॅ. आहे. यामुळे गच्चीवर विटांच्या कडेत पालापाचोळा, उसाचे चिपाड, नारळाची सोडणे व थोडीशी माती असा हलका थर करतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने सेंद्रिय अवशेषांपासून माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला. पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरावेत ही त्यांची मांडणी. गच्चीतल्या बागांना तिचा आधार घेतला जातो.

उत्पन्न व विनियोग : मेथी महिनाभरात, मुळा दीड महिन्यात हाती येतो. एकाच दिवशी सारा वाफा पेरला तर सारी मेथी एकाच आठवड्यात खुडावी लागते, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने वाफ्याचे तुकडे पेरतात. तरीही उरतेच. कोथिंबिरीच्या वड्या होतात, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते, जरठ होऊन फुलावर आलेल्या मुळ्याच्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात व त्यांचीही भाजी करतात. दोडका सोलताना निघालेल्या शिरांची तीळ घालून चटणी होते. वेल वाफ्याच्या कडेला लावून मांडवावर चढवतात. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून टोकाला दोऱ्याने खडा बांधतात. उन्हाळ्यात कोहळ्याचा कीस व उडदाची डाळ यांचे सांडगे, दह्यातली सांडगी मिरची, वाळवलेली गवार हे उरलेल्या मालाचे मार्ग. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू वड्या व फतफद्याला जाते. त्याला वाफा लागत नाही, ओल लागते.

भाद्रपद शुद्ध पंचमीच्या ऋषीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही. अळू, लाल माठ, पडवळ, भेंडी, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस हे सारे हाताने खणलेल्या जमिनीतले हवे, म्हणजे व्यवहारात परसातले. कुदळीने केलेल्या वाफ्याला असा विधीतला आधार क्वचितच अन्यत्र सापडेल. परसबागेचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असे आणि ते तोंडी शिकवले जाई, त्यामुळे लिखित उल्लेख विखुरलेले आहेत. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्यानंतर शाळांच्या आवारातही वाफे दिसू लागले.

बी धरण्यासाठी वेलावरचे एक चांगले फळ खूण बांधून राखतात. काकडी-भोपळ्याचे बी राखेत घोळवून ठेवतात, किंवा शेणाच्या गोळ्यात दाबून तो गोळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापतात. मृगाच्या तोंडावर गोळा फोडून बी थेट वाफ्यात जाते.