पेनड्राइव्ह पुसण्यासाठी ३५ फेऱ्यांची गरज नाही

पेनड्राइव्हमधील माहिती कायमची नष्ट करायची असेल, तर तिच्यावर ३५ वेळा निरर्थक माहिती लिहावी लागते, असे आजही ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. ३५ हा आकडा संगणकशास्त्रज्ञ पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातून आला. त्यात त्या काळच्या चुंबकीय डिस्कवरील निरनिराळ्या एन्कोडिंग पद्धतींचा, म्हणजे माहिती चुंबकीय खुणांत नोंदवण्याच्या पद्धतींचा, एकत्रित विचार होता, आणि कोणत्याही एका डिस्कला सर्व ३५ फेऱ्या लागत नाहीत, हे पुढे स्वतः गुटमन यांनीच स्पष्ट केले.

पेनड्राइव्हमध्ये चुंबकीय तबकडी नसते, फ्लॅश चिप असते. या चिपमधील प्रत्येक ब्लॉक, म्हणजे साठवणुकीचा एक छोटा भाग, ठरावीक वेळाच पुसता येत असल्याने आतला कंट्रोलर (माहिती कुठे लिहायची हे ठरवणारा भाग) तीच जागा पुन्हापुन्हा वापरण्याचे टाळतो. समजा, 'पगारपत्रक' नावाची एक फाइल पुसण्यासाठी आपण तिच्यावर शून्ये लिहिली. संगणकाला ती जुन्याच जागी गेल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात मात्र कंट्रोलर ती नव्या ब्लॉकमध्ये लिहू शकतो आणि मूळ मजकूर जुन्या ब्लॉकमध्ये तसाच राहू शकतो. म्हणूनच एकेक फाइल 'श्रेड' करण्यावर, म्हणजे तिच्यावर निरर्थक माहिती लिहून ती पुसण्यावर, विसंबणे मला धोक्याचे वाटते. क्विक फॉरमॅटने तर केवळ फाइलींची नोंदवही कोरी होते.

संपूर्ण पेनड्राइव्ह एकदोनदा काठोकाठ भरून लिहिला, तर घरगुती वापरापुरते ते बहुधा पुरेसे ठरते, पण कंट्रोलरने स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलेल्या ब्लॉकपर्यंत तेही पोहोचेलच असे नाही. खरोखर गोपनीय कागदपत्रे ठेवायची असतील, तर पेनड्राइव्ह पहिल्या दिवसापासूनच एन्क्रिप्ट करावा, म्हणजे त्यातील माहिती पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक करावी, आणि तसे केलेले नसेल, तर शेवटी चिपचाच चुरा करावा. नुसते प्लास्टिकचे आवरण फोडून भागत नाही.