एचओ आणि ओओ एकच का?

एचओ आणि ओओ ही छोट्या मॉडेल गाड्यांची दोन मापं. मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये एक मेसेज कायम फिरत असतो: "एचओ आणि ओओ म्हणजे एकच स्केल, दोन्ही एकाच रुळावर धावतात ना!" असं वाटणं साहजिक आहे, कारण रूळ खरंच एकच आहे, दोन्हीकडे 16.5 मिमी. पण ते झालं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान, आणि ते एचओत 1:87 तर ओओत 1:76.2.

आता खऱ्या रेल्वेचा स्टँडर्ड गेज 1435 मिमी, त्याला 87 ने भागा, 16.5 येतं, बरोबर जुळलं. 76.2 ने भागलं की येतं 18.8 च्या आसपास, म्हणजे ओओचा डबा स्वतःच्या मापापेक्षा अरुंद रुळावर उभा असतो, समोरून बघितलं की चाकं जरा आत गेल्यासारखी दिसतात ती म्हणूनच. हे झालं कारण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान, 1:87 मध्ये तेव्हाची मोटर आत मावेना, मग बॉडी मोठी केली आणि रूळ तोच ठेवला. जुगाडच म्हणा, पण टिकला!

तपासायला फक्त पट्टी लागते. खरा डबा 20 मीटरचा असेल तर एचओत साधारण 230 मिमी भरेल, ओओत 262. पावणेदोन मीटरचा माणूस एचओत 20 मिमी, ओओत 23, त्यामुळे एचओची माणसं ओओच्या दाराशी उभी केली की शाळकरी पोरं वाटतात. डीटेलिंगचे पार्ट, म्हणजे सजावटीच्या बारीकसारीक वस्तू, घेताना पाकिटावरचा स्केलचा आकडा बघा, नुसतं 16.5 बघून घेऊ नका.