दमा : याप्य विकार आणि त्याचे नियंत्रण

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ चालणारा दाहजन्य विकार आहे. त्यात नलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचून हवेचा मार्ग अरुंद होतो. धाप, छातीतली घरघर आणि रात्री किंवा पहाटे उठणारा खोकला ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ती सतत सारखी नसतात. आठवडाभर हैराण झालेला दमेकरी पुढचे दोन महिने ठणठणीत असू शकतो, आणि ‘दमा गेला’ हा समज बहुधा याच काळात रुजतो. याच चढउतारामुळे चांगल्या दिवशी केलेली स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेल्या श्वासाचे प्रमाण आणि वेग मोजणारी तपासणी, निर्दोष आली तरी दमा नाही असे ठरत नाही.

आयुर्वेदात या विकाराला ‘तमक श्वास’ म्हटले आहे. चरकसंहितेनुसार तो नुकताच उद्भवलेला असेल तर साध्य होऊ शकतो. एरवी तो ‘याप्य’, म्हणजे पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत ताब्यात राहणारा आणि ती सुटताच पुन्हा डोके वर काढणारा. आधुनिक वैद्यकाची उपपत्ती सर्वस्वी वेगळी असली, तरी निष्कर्ष याहून फार दूर नाही.

दम्याला मुळातून घालवणारे औषध नाही, कारण त्याचे मूळ एका जागी नाही. क्षयात जंतू मारला की रोग संपतो. दम्यात मारण्याजोगा असा कोणी नसतो. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, बुरशी अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि ही चुकीची ओळख स्मृतिपेशी वर्षानुवर्षे जपून ठेवतात. विकाराकडे असलेला कल आनुवंशिक असला तरी एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. जनुकसंचातील शंभराहून अधिक स्थानांशी त्याचा संबंध आढळला असून प्रत्येकाचा वाटा अल्प आहे. शिवाय सगळाच दमा ॲलर्जीचा नसतो. दाह अनेक वर्षे राहिला की नलिकांच्या भिंती जाड होतात, आणि हा बदल औषधाने फारसा मागे फिरत नाही. रोग नेमका कोठे वसतो, या प्रश्नावर अवयवरोपणाने अनपेक्षित प्रकाश टाकला. दमेकरी दात्यांची फुप्फुसे बसवलेल्या, पण स्वतः दमा नसलेल्या रुग्णांना पुढे दमा झाल्याची नोंद १९९३ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झाली. उलटपक्षी, अस्थिमज्जेच्या रोपणातून दात्याची ॲलर्जी दुसऱ्याच्या शरीरात उतरल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणजे फुप्फुस आणि रक्तपेशी यांपैकी एकालाच दोषी धरता येत नाही.

उत्तम औषधेही दाह दाबतात, रोगाची वाट बदलत नाहीत. अमेरिका आणि कॅनडातील १,०४१ मुलांना चार ते सहा वर्षे औषध देऊन केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वासातून स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचा त्रास चांगलाच कमी झाला. मात्र औषध थांबवल्यावर श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता काही महिन्यांत पूर्वपदावर आली. लोक ज्याला ‘बाळदमा’ म्हणतात तो अनेक मुलांत वय वाढताना नाहीसा होतो हे खरे. पण त्यांपैकी काहींना तो प्रौढपणी पुन्हा गाठतो.

सातारा-सांगली परिसरात त्रास वाढवणाऱ्या गोष्टी हंगामाप्रमाणे बदलतात. कृष्णाकाठी ऊस तुटला की पाचट पेटवले जाते. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहत असल्याने तो धूर गावावर उशिरापर्यंत रेंगाळतो. तासगाव भागातील बेदाणा शेडमध्ये रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी देतात. तिच्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड निरोगी माणसाला जेमतेम जाणवेल इतक्या प्रमाणातही दमेकऱ्याच्या नलिका आवळू शकतो. पाचगणीचे बेल-एअर आणि सांगली-मिरज दरम्यानचे वानलेसवाडी येथील आरोग्यधाम क्षयरोग्यांसाठी होते. त्यामुळे ‘छातीला डोंगरची हवा मानवते’ ही समजूत दम्यालाही चिकटली असावी. प्रत्यक्षात पावसाळ्यातील महाबळेश्वरची ओल आणि भिंतीवरची बुरशी दमेकऱ्याला बाधण्याचाच संभव अधिक.

उपचारात दोन प्रकारच्या औषधांतील फरक महत्त्वाचा आहे. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते, पाच-दहा मिनिटांत गुण देते आणि चार ते सहा तासांत उतरते. सुजेवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. सूज कमी करते ते ब्युडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. रुग्णाला झटपट आराम देणारे औषध खरे वाटते आणि रोज घ्यायचे निरुपयोगी. बहुतेक घोटाळा इथेच होतो. केवळ साल्ब्युटामॉलवर भागवणाऱ्यांत गंभीर झटक्याचा धोका वाढतो, म्हणून दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना ते एकटे देऊ नये, त्यासोबत श्वासातले स्टेरॉइड असावेच, अशी शिफारस केली आहे.

पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी, हा ग्रह सार्वत्रिक आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. गोळी चाळीसपट असूनही उशिरा लागू पडते आणि हात थरथरणे, धडधड यांचा त्रास अधिक देते. पंप मात्र नीट घ्यावा लागतो. तो हलवून, श्वास पूर्ण सोडून, त्याच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून, श्वास सावकाश आत ओढू लागतानाच दाबायचा आणि दहा सेकंद श्वास धरायचा. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरायची. हा मेळ न जमणाऱ्या मुलांना व वृद्धांना स्पेसर ही पोकळ नळी जोडून देतात. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला अनेक जण जातात. दमा कायमचा जातो असा त्याबाबतचा दावा सिद्ध झालेला नाही. खरी भीती बिननावाच्या पुड्यांची आहे, कारण त्यांपैकी काहींत तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड मिसळलेले असते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

तीव्र दम्यासाठी ओमॅलिझुमॅबसारखी प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) इंजेक्शने २००३ पासून उपलब्ध झाली. ती महाग आहेत आणि थांबवल्यावर अनेकांचा त्रास परततो. सुटकेच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार व्यवसायजन्य दम्याचा आहे. पिठाच्या गिरणीत पिठाची ॲलर्जी होऊन दमा जडलेल्या माणसाने लवकर ते काम सोडले, तर काहींचा दमा पुरता शमतो. दहा-पंधरा वर्षे धूळ खाऊन सोडले, तर तो बहुधा सोबत राहतो.