सिबिलची नोंद खोडायची कुणी? एका हक्काची पार्श्वभूमी

माझ्या चुलत बहिणीचं गृहकर्ज २०१९ साली अडलं ते १,८७२ रुपयांपायी. तिच्या कर्जफेडीचा सिबिल अहवाल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर नाव, पॅन, जन्मतारीख, खाली एकेका खात्याचा तपशील. वाहनकर्जाच्या चौकटीत महिन्यामागून महिना '०००', म्हणजे एकही हप्ता एका दिवसानंसुद्धा चुकलेला नाही. त्याच्याच खाली एका क्रेडिट कार्डाच्या खात्यापुढे 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत धरलेलं, आणि ती रक्कम. हे कार्ड तिनं सहा वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, तसं पत्रही तिच्या फाइलीत होतं. कार्ड बंद झाल्यावर कुणीतरी वार्षिक फी लावली, ती वसूल झाली नाही म्हणून निर्लेखित केली आणि नोंद पुढे धाडून दिली.

तिनं अहवाल काढणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. महिन्याभरानं उत्तर आलं की बँकेनं नोंद बरोबर असल्याचं कळवलं आहे. शाखेत गेली तर साहेब म्हणाले, "मॅडम, हे आमच्या हातात नाही, हेड ऑफिसकडून होतं."

ती दोन्हीकडून अशी का टोलवली गेली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

कर्ज बुडवणाऱ्यांची माहिती बँकांनी एकमेकींना द्यावी, ही कल्पना भारतात सामान्य ग्राहकासाठी आलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल १९९४ मध्ये थकबाकीदारांची माहिती जाहीर करण्याची योजना आणली, ती १ कोटी रुपये आणि त्याहून मोठ्या कर्जांसाठी. १९९९ पासून २५ लाखांवरच्या हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची वेगळी यादी होऊ लागली. त्याच वर्षी एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटानं पतमाहितीसाठी, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं या माहितीसाठी, स्वतंत्र संस्था असावी असं सुचवलं आणि २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजे सिबिल, स्थापन झाली. स्टेट बँक आणि एचडीएफसी हे तिचे सुरुवातीचे मोठे भागधारक.

अडचण अशी होती की बँकेनं ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर द्यायची नाही, हा गोपनीयतेचा दंडक कायद्यातच होता. म्हणून कर्जाच्या कागदपत्रांत ग्राहकाच्या संमतीचं कलम घातलं जाऊ लागलं. पन्नास ठिकाणी सह्या करताना त्यातली एक सही आपण कशासाठी केली, हे तेव्हा किती जणांना कळलं असेल? २००४ मध्ये वैयक्तिक कर्जदारांचे अहवाल बँकांना मिळू लागले. संमतीच्या कलमांवर किती दिवस काढायचे म्हणून मग संसदेनं पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ केला. तो १४ डिसेंबर २००६ पासून लागू झाला.

या कायद्याचं कलम २१ सगळ्यांनी एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा आणि ती चुकीची किंवा जुनी असेल तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क या कलमानं दिला. ३० दिवसांची मुदतही घातली. इथवर सगळं ठीक आहे. पण त्यालाच जोडलेलं परंतुक, म्हणजे 'मात्र' म्हणून घातलेली अट, सांगतं की ज्या बँकेनं किंवा वित्तसंस्थेनं माहिती दिली तिनं दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनीनं नोंदीला हात लावायचा नाही. आणखी एक परंतुक आहे. त्याच दुरुस्तीबद्दल लवाद, न्यायाधिकरण किंवा न्यायालयात वाद चालू असेल तर दुरुस्ती करायची नाही, तोवर बँकेच्या वह्यांतली नोंदच धरायची.

म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध, निकालही त्याच्याच सहीचा. बहिणीला आलेलं उत्तर कायद्याला धरूनच होतं, आणि मला खटकतं ते नेमकं हेच.

याच प्रश्नावर अमेरिकेनं वेगळी वाट धरली. तिथे अटलांटातली रिटेल क्रेडिट कंपनी १८९९ पासून लोकांच्या फाइली ठेवत होती, आणि त्यांत कर्जाबरोबर खासगी आयुष्यातल्या ऐकीव गोष्टीही असत. त्यावरून बोभाटा झाला आणि १९७० मध्ये फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आला. त्यात फेरतपासणीची जबाबदारी अहवाल काढणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. नोंद चुकीची निघाली किंवा तिची खातरजमाच करता आली नाही, तर ती काढून टाकावी लागते. १९९६ च्या दुरुस्तीनं त्याला ३० दिवसांची मर्यादा पडली. तिथे बँकेतल्या साध्या खात्यांच्या इतिहासासाठी चेक्ससिस्टिम्स नावाची वेगळी यंत्रणा आहे. न भरलेल्या ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त काढलेल्या पैशांची, नोंद तिच्याकडे असेल तर नवं खातं उघडणंही मुश्कील होतं, पण हरकत घेण्याचा हक्क तिलाही याच कायद्यानं लागू आहे. तिथल्या वादांतही बँकेचा शब्द पुष्कळदा चालतो, ही गोष्ट खरी. पण बँक गप्प बसली तर फायदा ग्राहकाला मिळतो. आपल्याकडे बँक गप्प बसली तर नोंद जिथल्या तिथे राहते.

त्या रिटेल क्रेडिट कंपनीनं १९७५ मध्ये नाव बदलून इक्विफॅक्स केलं. आज भारतात परवाना असलेल्या चार पतमाहिती कंपन्यांत ती आहे. उरलेल्या तीन म्हणजे एक्सपिरियन, क्रिफ हाय मार्क आणि सिबिल. लोकांच्या तोंडी मात्र चारही अहवालांना 'सिबिल' हेच नाव बसलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेला चारही कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. त्यामुळे माहिती पूर्ण झाली, आणि एकच चूक चार ठिकाणी जाऊन बसण्याची सोयही झाली.

चुका होतात कशा, हे आपल्या नावांकडे पाहिलं तरी कळतं. 'चव्हाण' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. कुणी वडिलांचं नाव मध्ये लिहितं, कुणी लिहीत नाही. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पॅनवर माहेरचं राहतं आणि कर्जाच्या अर्जावर सासरचं येतं. एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असतात. त्यात पॅनचं एक अक्षर चुकलं की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात. शिवाय ज्याला जामीन राहिलो त्याचं कर्ज आपल्या अहवालातही दिसतं, हे कित्येकांना स्वतः कर्ज मागायला गेल्यावरच समजतं.

आणि हे समजायला अहवाल हातात तरी यायला हवा. बँकांना स्कोअर, म्हणजे पत मोजणारा आकडा, २००७ पासून मिळत होता, सामान्य माणसाला तो पाहायला २०११ उजाडलं, तेही स्कोअरसह अहवालाचे पैसे मोजून. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या आदित्य पुरी समितीनं २०१४ च्या अहवालात वर्षातून एक अहवाल फुकट द्यावा अशी शिफारस केली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१६ मध्ये तसा आदेश काढला आणि जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला. हक्क २००६ चा आणि तो वापरण्यासाठी लागणारा कागद विनामूल्य मिळाला २०१७ मध्ये! मधल्या वर्षांत किती अर्ज एखाद्या चुकीच्या ओळीवरून परत गेले असतील, याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

३० दिवसांच्या मुदतीला दातही बरीच वर्षं नव्हते. मुदत उलटली तर ग्राहकानं करायचं काय? पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या त्या १ सप्टेंबर २०२२ पासून. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चारही कंपन्यांना नियमभंगाबद्दल मिळून सुमारे १ कोटी रुपयांचा दंड केला. आणि २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानं भरपाई आणली. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, तेही थेट तक्रारदाराला. बँकेनं २१ दिवसांत दुरुस्त माहिती कंपनीकडे पाठवली नाही तर भरपाई बँकेच्या माथी, बँकेनं वेळेत पाठवूनही कंपनीनं उशीर केला तर कंपनीच्या. २६ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. आपला अहवाल कुणी पाहिला की एसएमएस किंवा ईमेल येणं, आणि दुरुस्तीची विनंती नाकारली तर कारण कळवणं, हेही त्याच काळात बंधनकारक झालं. जानेवारी २०२५ पासून बँकांनी महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असं ठरलं, त्यामुळे फेडलेलं कर्ज 'चालू' दिसण्याचा काळही कमी व्हायला हवा.

शंभर रुपये थोडे वाटतील. मला त्यांचं मोल वाटतं ते यासाठी की दिरंगाईचा हिशेब पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूच्या खात्यावर पडू लागला. पण हे पैसे उशिराचे आहेत. बँकेनं विसाव्या दिवशी 'नोंद बरोबर आहे' एवढंच कळवलं तर घड्याळ तिथेच थांबतं. कलम २१ चं परंतुक आजही जागच्या जागी आहे.

बहिणीचं पुढे असं झालं. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तिनं कार्ड बंद केल्याच्या पत्राची प्रत, पोच आणि अहवालावरचा कंट्रोल नंबर असं सगळं एकत्र पाठवलं. 'नोंद चुकीची आहे' एवढंच न लिहिता कुठल्या तारखेनंतर कुठली फी लागली तेही लिहिलं. साडेपाच महिन्यांनी खातं 'क्लोज्ड' झालं, थकबाकी शून्य. तोवर गृहकर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत संपली होती आणि बिल्डरनं फ्लॅट दुसऱ्याला दिला होता. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करण्याआधी तिनं चारही कंपन्यांचे अहवाल मागवले. तिघांत खातं बंद होतं. चौथ्यात 'रिटन ऑफ, १,८७२' ही ओळ तशीच होती. ती पुन्हा तीच फाइल घेऊन बसली.